‘पुरे’ म्हणणारे यंत्र

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची गोष्ट. वहिनींच्या स्वयंपाकघरात चकल्यांचा तिसरा घाणा कढईत होता आणि मी पाटावर बसून सोऱ्या फिरवीत होतो. इतक्यात आतल्या खोलीतून निखिल बाहेर आला. हातात उघडा लॅपटॉप. चेहरा असा, की जणू परीक्षेचा निकाल लागला आहे.

“काका, आपल्याला फसवलं,” तो म्हणाला.

वहिनींचा झारा कढईवर तसाच थांबला. थांबणारच. थोरले बंधू गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. वहिनी रोज चाळीस डबे करतात. मुलगा जिल्ह्याच्या गावी चलच्चित्रे तयार करण्याचे शिक्षण घेतो. त्या कामाला साधा संगणक पुरत नाही, खेळाचा लागतो, असे त्याने पटवून दिले होते. खेळांतली चित्रे आणि त्याच्या अभ्यासातली चित्रे एकाच जातीची, म्हणून दोघांना यंत्रही एकाच ताकदीचे. अठरा हप्ते ठरले होते. सहा फिटले होते. म्हणजे बारा महिन्यांच्या डब्यांवर त्या यंत्राचे नाव आधीच लिहिलेले होते.

पडद्यावर एक इशारा होता. त्याचा मराठीत अर्थ असा : ‘प्रोसेसरची गती यंत्राच्या अंगभूत आज्ञावलीने मर्यादित केली आहे. मागच्या नोंदीपासून इतके सेकंद तो या मंद अवस्थेत आहे.’ निखिलचे म्हणणे, खोक्यावर जी गती छापली आहे ती दहा मिनिटेसुद्धा टिकत नाही, निम्म्यावर येते. मित्राने त्याला एक आज्ञावली दिली होती. ती चालवली की हा सगळा बंदोबस्त काढून टाकता येतो म्हणे.

“भावोजी, तुम्ही शिकलेले. बघा ना जरा. परत करता येईल का?” वहिनी म्हणाल्या.

शिकलेला! माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकला संपले. शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो, आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. पण इतिहास शिकवणाराला एक खोड असते. एखादी गोष्ट पुढून उमगली नाही, की तो मागच्या दाराने तिच्यात शिरतो. मी निखिलला म्हणालो, “भाऊबीजेपर्यंत त्या आज्ञावलीला हात लावू नकोस. तोवर मला हा तुझा ‘थ्रॉटलिंग’ शब्द काय आहे तो पाहू दे.” तो नाराजीने कबूल झाला. फराळाच्या त्या चार दिवसांत जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

शब्दापासूनच सुरुवात केली. इंग्रजीत ‘थ्रोट’ म्हणजे गळा. त्याच घराण्यातला हा ‘थ्रॉटल’; गळा आवळणे हा त्याचा अर्थ. बाष्पयंत्रात वाफ ज्या नळीतून येते, त्या नळीचा गळा लहानमोठा करणाऱ्या झडपेलाही तेच नाव पडले. मोटारसायकलची मूठ पिळून आपण जे करतो तेही तेच. फक्त तिथे वाफेऐवजी इंधन आणि हवा. म्हणजे निखिलच्या पडद्यावरचा शब्द कोळशाच्या धुरातून आला होता.

धुराच्याही अलीकडे स्वयंपाकघर आहे. दनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचे भांडे मांडले. आत कोंडलेल्या वाफेच्या दाबाने हाडेसुद्धा मऊ शिजत. आपल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज. भांडे फुटू नये म्हणून पापँने त्याला वजनाने दाबलेली एक झडप बसवली. दाब वजनापेक्षा वाढला, की झडप उचलली जाई आणि वाफ बाहेर पडे. वहिनींच्या कुकरची शिटी होते ती याच युक्तीने.

त्यानंतर शंभर वर्षांनी जेम्स वॅटची पाळी आली. गिरणीतली काही यंत्रे अचानक बंद पडली, की बोजा कमी झालेले इंजिन उधळे. यावर वॅटने 1788 साली आपल्या इंजिनाला एक फिरता नियामक जोडला. एका उभ्या दांड्याला दोन लोखंडी गोळे. इंजिन वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फाकत आणि त्यांना जोडलेली कांब वाफेच्या नळीचा गळा आवळी. वेग उतरला की गोळे खाली येत आणि गळा पुन्हा मोकळा होई. माणसाने हात लावायचे कारण नाही. पवनचक्क्यांत ही युक्ती आधीपासून होती. वॅटने ती वाफेला लावली. पुढे 1868 साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने या नियामकांच्या गणितावर निबंध लिहिला.

इथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पापँची झडप संकट दाराशी आल्यावर ओरडते. वॅटचे गोळे संकट येऊच नये म्हणून सतत हात आखडता घेतात. एक चौकीदार, दुसरा कारभारी. निखिलच्या यंत्रात हे दोघेही आहेत, त्यांच्याकडे येतोच.

पण चौकीदाराचे ओरडणे माणसाला कधी आवडलेले नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायना संस्थानात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ नावाचे इंजिन होते. 25 डिसेंबर 1830 रोजी त्याने उतारूंची गाडी ओढली, आणि अमेरिकेत वाफेच्या इंजिनावर नियमित उतारू वाहतूक सुरू झाली. सहा महिने झाले नाहीत तोच, 17 जून 1831 रोजी, इंजिन उभे असताना सुरक्षा झडपेतून वाफ सूं सूं करीत बाहेर पडत होती. त्या आवाजाचा इंजिनावरच्या कोळसेवाल्याला उबग आला. त्याने झडप दाबून बंद केली. आवाज थांबला. थोड्या वेळाने बॉयलर फुटला आणि त्यात तो बिचारा प्राणाला मुकला. लोक इतके धास्तावले, की रेल्वेने इंजिन आणि उतारूंचे डबे यांच्यामध्ये कापसाच्या गाठी रचलेला एक डबा जोडायला सुरुवात केली!

हे वाचताना मला आमचे आजोबा आठवले. ते मुंबईच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. पोरांना गोष्टी सांगताना म्हणायचे, “वाफ बोलते आहे तोवर भ्यायचं नाही. बोलायची थांबली, की पळायचं.” लहानपणी हे वाक्य विनोदी वाटे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते मी निखिलला सांगितले. तो म्हणाला, “काका, पण माझ्या लॅपटॉपमध्ये वाफ नाही.”

बरोबर होते त्याचे. तेव्हा आता वाफेकडून विजेकडे जाऊ.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 1946 साली ‘एनियाक’ नावाचा संगणक लोकांपुढे आला. त्यात सुमारे 18,000 काचेचे व्हॉल्व्ह होते आणि त्याला सुमारे 150 किलोवॅट वीज लागे. एवढी वीज आत गेली की तेवढीच उष्णता बाहेर पडणार, हा सृष्टीचा हिशेब; त्यात उधारी नाही. म्हणून मोठमोठे पंखे लावून त्यातून हवा खेळवावी लागे, आणि कपाटातली उष्णता मर्यादेपलीकडे गेली की वीज तोडण्याचीही योजना होती. सांगायचे एवढेच, की संगणक जन्मला तो अंगात ताप घेऊनच.

मग ट्रान्झिस्टर आले, आणि यंत्रे लहान झाली. इंटेल कंपनीने 1971 साली एका चिपेवर 2300 ट्रान्झिस्टर बसवून ‘4004’ हा प्रोसेसर विकायला काढला. त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला सुमारे 7 लाख 40 हजार. हे ठोके म्हणजेच त्याची गती. दर ठोक्याला ट्रान्झिस्टर उघडझाप करतात, आणि दर उघडझापेला थोडी वीज उष्णता होऊन जाते. हिशेब सोपा आहे : ठोके दुप्पट केले तर उष्णता दुप्पट, पण विजेचा दाब दुप्पट केला तर उष्णता चौपट.

1974 साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुरेख नियम मांडला. ट्रान्झिस्टर लहान करीत न्या आणि त्याच प्रमाणात विजेचा दाबही उतरवीत न्या. मग तेवढ्याच जागेत पुष्कळ ट्रान्झिस्टर बसतील, ते वेगाने चालतील आणि तरीही तेवढ्या जागेची उष्णता वाढणार नाही. वाढत्या संसाराला तोच पगार पुरावा, तसा हा प्रकार. जवळजवळ तीस वर्षे चिपा करणाऱ्यांनी या नियमाचा आधार घेतला. मात्र गतीच्या हौसेपायी त्यांनी दाब नियमाइतका उतरवला नाही, त्यामुळे ताप हळूहळू चढतच होता. 1993 सालच्या पहिल्या पेंटियममध्ये 31 लाख ट्रान्झिस्टर होते आणि तो सेकंदाला साडेसहा कोटींच्या आसपास ठोके देई. मार्च 2000 मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने शंभर कोटी ठोक्यांचा पल्ला गाठला. तो आकडा खोक्यावर ठळक छापला जाई, आणि लोक तो पाहून यंत्र घेत.

शर्यतीत घोडा तापतो याची आठवण 2001 साली झाली. संगणकांची परीक्षा घेणाऱ्या ‘टॉम्स हार्डवेअर’ने त्या सप्टेंबरात एक प्रयोग चित्रित करून दाखवला. चार संगणकांवर ‘क्वेक 3’ हा खेळ चालू ठेवला आणि खेळ रंगात असताना प्रोसेसरवरची उष्णता शोषणारी धातूची बैठक काढून घेतली. एएमडीचे दोन प्रोसेसर जळाले, धूर निघाला. इंटेलचा पेंटियम 3 जागच्या जागी थिजला, पण वाचला. पेंटियम 4 ने मात्र निराळेच केले. खेळ अडखळू लागला, चित्रे रखडत पुढे सरकू लागली, पण थांबली नाहीत. बैठक परत ठेवली तेव्हा तो पूर्ववत धावू लागला. त्याच्या पोटात उष्णता मोजणारी योजना होती. ताप चढला की तो मधले काही ठोके गाळी. वॅटचे दोन गोळे चिपेत उतरले होते म्हणा ना!

एएमडीनेही पुढच्या पिढ्यांत अशी व्यवस्था केली, आणि आता दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर स्वतःची नाडी स्वतः पाहतात. म्हणजे ज्या इशाऱ्याला निखिल फसवणूक म्हणत होता, तो एकेकाळी ज्या यंत्रात नव्हता त्या यंत्राने धूर ओकला होता.

ही शर्यत संपली कशी, तेही पाहण्यासारखे आहे. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. बंद केलेला नळ गळावा तशी. विजेचा दाब आणखी उतरवणे कठीण झाले, आणि डेनार्डचा नियम थकला. 2004 साली पेंटियमची नवी आवृत्ती नखाएवढ्या चिपेत शंभर वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ लागली. आपल्या जुन्या शंभराच्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. त्याच्यापुढचा जो प्रोसेसर इंटेल तयार करीत होती, त्याचे नाव होते ‘तेजस’. मे 2004 मध्ये तो बेतच रद्द झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चारशे कोटी ठोक्यांचा पेंटियम 4 देण्याचे वचनही कंपनीने मागे घेतले, आणि तिचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत थट्टेने गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. एक घोडा आणखी पळेना, तेव्हा कंपन्या 2005 पासून एकाच चिपेवर दोन, मग चार घोडे जुंपू लागल्या.

आता खोक्यावरच्या आकड्याचे कोडे. 2008 पासून इंटेलच्या प्रोसेसरांत एक नवी सोय आली. अंग थंड असेल आणि वीज शिल्लक असेल, तर प्रोसेसर आपल्या नेमस्त गतीच्या वर थोडा वेळ उडी घेतो. तापला की पुन्हा खाली येतो. नेमस्त गती ही चालण्याची. उडीची गती ही गाडी सुटताना फलाटावर धावण्याची. निखिलच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत दुसरी छापली होती, आणि तिच्यापुढे बारीक अक्षरांत एक शब्द होता : ‘पर्यंत’. पंचवीस वर्षे मी मुलांना शब्दयोगी अव्यये शिकवतो आहे. एका शब्दयोगी अव्ययात अठरा हप्त्यांचा गैरसमज मावतो, हे मला त्या दिवशी कळले. खोटे कोणी बोलले नव्हते. अर्धे खरे मात्र मोठ्या टायपात होते.

पण गती उडीवरून उतरणे वेगळे आणि निम्म्यावर येणे वेगळे. निखिलचे यंत्र नेमस्त गतीच्याही खाली जात होते. म्हणजे ते खरोखर ‘पुरे’ म्हणत होते. असे तीन कारणांनी होते. एक, प्रोसेसर तापला. पुष्कळ लॅपटॉपांत शंभर अंशांच्या आसपास ही सीमा असते. दोन, वीज पुरी पडत नाही. मूळ चार्जर सोडून हलका चार्जर जोडला तर असे होते. तीन, शेजारी कोणी तापला. कारण प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग किंवा चित्रे काढणारी चिप तापली, तर त्यांच्या वतीनेही प्रोसेसरला हाक जाते आणि तो आपला वेग उतरवतो. गती आणि विजेचा दाब दोन्ही एकपंचमांशाने उतरवले, तर उघडझापेची उष्णता जवळजवळ निम्मी होते. गणिताच्या वहीत करून पाहा. थोडे सोडून पुष्कळ वाचवण्याचा हा व्यवहार आहे.

मित्राची ती आज्ञावली काय करणार होती, तेही उमगले. प्रोसेसर अगदीच जळू लागला तर वीज तोडणारा शेवटचा चौकीदार तिला हलवता येत नव्हता. ती फक्त प्रोसेसरचे कान बंद करणार होती, म्हणजे शेजाऱ्याची हाक त्याला ऐकू येणार नाही. तो भरधाव पळत राहील आणि शेजारी मुकाट्याने भाजून निघेल. चार्ल्सटनच्या कोळसेवाल्याने याहून वेगळे काय केले होते?

भाऊबीजेला हे सारे निखिलपुढे मांडले. तो काही बोलला नाही. त्याने ती आज्ञावली पुसून टाकली आणि म्हणाला, “मग आता कारण शोधू.” चार्जर मूळचाच होता. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळायची सवय होती, ती एक चूक सापडली. पण पाटावर ठेवूनही यंत्र तापतच होते.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने पाठीचे झाकण उघडले. आत तांब्याच्या दोन चपट्या नळ्या प्रोसेसरपासून कडेच्या पंख्यांपर्यंत गेल्या होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, “मास्तर, ह्या नळ्या भरीव नाहीत बरं का. आत थेंबभर पाणी असतं. या टोकाला त्याची वाफ होते, त्या टोकाला जाऊन निवते, पाणी होऊन परत येते.” अमेरिकेत लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली अशा नळ्या करून दाखवल्या होत्या. मी निखिलकडे पाहिले. “वाफ आहे की रे तुझ्या लॅपटॉपमध्ये,” मी म्हणालो. तो हसला.

मग दुरुस्तीवाल्याने पंख्यापुढची बारीक जाळी चिमट्याने खरवडली. कापसाच्या वातीसारखा, चिकट, पिवळसर थर बाहेर आला. त्याने तो बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि विचारले, “घरात तळण फार असतं का? पीठपण दिसतंय.”

दीड खोलीचे घर. रोज चाळीस डबे. कणीक, बेसन, तेलाची वाफ. ज्या डब्यांतून त्या यंत्राचे हप्ते निघत होते, त्यांचाच थर त्याच्या गळ्यात बसला होता. सहा महिने ते यंत्र सांगत होते, की मला श्वास घेता येत नाही.

निखिल त्या थराकडे बराच वेळ पाहत राहिला. जाळी साफ झाली, प्रोसेसरवर नवा लेप लागला, बिल तीन आकड्यांत आटोपले. घरी येऊन त्याने तासभर खेळ चालवला. गती उडीवरून खाली आली, पण नेमस्त गतीच्या खाली गेली नाही. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली आणि पुन्हा ओट्याशी उभ्या राहिल्या, कारण दिवाळी संपली होती आणि दुसऱ्या दिवसापासून डबे होते. भाजी परततांना त्यांना खोकला येत होता. तो नवा नव्हता. आम्हां सगळ्यांना त्याची सवय झालेली होती.

निखिल दारात उभा होता. हळूच मला म्हणाला, “काका, लॅपटॉपला दोन पंखे आहेत. इथे एकही नाही.”

खेळासाठी त्याला एक नवा माऊस घ्यायचा होता. शिकवणीतून त्याने पैसे साठवले होते. मार्गशीर्षात मी गेलो तेव्हा माऊस जुनाच होता. ओट्यावरच्या झरोक्यात मात्र हवा बाहेर फेकणारा पंखा बसला होता, आणि वहिनी त्याच्या आवाजाची तक्रार करीत होत्या.

“फार घरघरतो मेला,” त्या म्हणाल्या. “बंद करावासा वाटतो.”

“नको, आई,” निखिल आतून ओरडला. “बोलू दे त्याला.”